ताट पुढे गेलं

रोह्याच्या बेकरीत मी पहिल्यांदा कडा काढलेला पाव मागितला, तेव्हा मालकाने माझ्याकडे दयेने पाहून विचारलं, "दात दुखतात काय?" दात शाबूत आहेत, पाव चर्चसाठी हवा आहे, असं सांगितल्यावर तो जरा वरमला. नंतर मात्र त्याने हे काम अंगावरच घेतलं. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी एक पाव कागदात गुंडाळून तो बाजूला ठेवायचा आणि कुणी हात लावला की म्हणायचा, "तो नाय मिळणार. तो पास्टरच्या देवाचा हाय."

मी पास्टर, म्हणजे मराठीत पाळक. नोकरीची बहुतेक वर्षं रोहा आणि पेण इथेच गेली. लोक मला फादर म्हणायचे आणि बाजारात माझ्याबरोबर बायको दिसली की बिचाऱ्यांचा चेहरा पडायचा. फादर लग्न करत नाहीत आणि मी तर करून बसलो होतो. आमचा पंथ वेगळा, आमच्यात पाळकाला बायको चालते, खरं तर बायकोशिवाय पाळकाचं काहीच चालत नाही, हे मी किती जणांना समजावलं असेल देव जाणे. दुसरा गोंधळ 'मंडळी' या शब्दाचा. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, तिच्यात जमणारी माणसं. आमची मंडळी लहानशी होती. नगर-मराठवाड्याकडून जवळच्या धाटावच्या कंपन्यांत नोकरीला आलेली कुटुंबं, रेल्वेतले दोघे-तिघे, दवाखान्यातल्या एक नर्सबाई आणि अगदी थोडे इथलेच. रोह्यात कौलारू चर्च होतं, पेणला भाड्याच्या खोलीत शुक्रवारची प्रार्थना व्हायची.

पाळकाचं काम म्हणजे रविवारचं भाषण, असं बाहेरच्यांना वाटतं. भाषण हा त्यातला सोपा भाग. बाकी आठवडा कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणाच्या घरी बोलचाल बंद झाली, कुणाला पुरायला जागा मिळत नाही, यात जातो. आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजन. मेजावर पांढरं कापड अंथरायचं, त्यावर पावाचे तुकडे आणि द्राक्षरस. रस कसला, माझी बायको सरोज आदल्या दिवशी काळ्या मनुका उकळून गाळायची. येशूने मरणाच्या आधी शिष्यांबरोबर भाकर मोडली, त्याची ही आठवण. बाकावर बसलेल्यांपुढून पंच, म्हणजे आमच्या कमिटीचे सभासद, ताट घेऊन जातात आणि ज्याने-त्याने आपला तुकडा उचलायचा. त्याआधीच्या शनिवारी तयारीची प्रार्थना. कुणाशी भांडण असेल तर मिटवून या, मन तपासा, आणि मनच साफ नसेल तर ताट पुढे जाऊ द्या, असं मी दर महिन्याला सांगायचो. ते सांगताना माझा आवाज जरा चढायचा. तरुण होतो, आणि ऐकणारे मान हलवतात म्हटल्यावर चेव येतो.

आता जरा शास्त्राचं बोलतो, कंटाळू नका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मंडळी शुद्ध असावी अशी ख्रिस्ती शिकवण आहे. मंडळी ही ख्रिस्ताची नवरी, तिच्या अंगावर डाग नाही, कपड्याला सुरकुती नाही, असं तिचं चित्र आहे. आणि त्याच शास्त्रात दुसरं चित्र शेताचं आहे. गव्हात तण उगवलंय, गडी म्हणतात उपटून टाकू, आणि धनी म्हणतो नको, तणाबरोबर गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही राहू द्या. एक चित्र सांगतं डाग काढा, दुसरं सांगतं हात आवरा. पाळकाची अख्खी नोकरी या दोन चित्रांच्या मध्ये उभं राहण्यात जाते. मी एकदा पेणला या शेतावर बोललो, तेव्हा मागच्या बाजूला पेणजवळच्या जोह्याचा एक भातशेतकरी, महादेव, पाहुणा म्हणून बसला होता. प्रार्थना संपल्यावर तो मला बाजूला घेऊन काळजीने म्हणाला, "पास्टर, तुमच्या येशूला भातशेती ठावकी नाय वाटतं. बेणणी करून तण काढलं नाय तर पोरं खातील काय?"

महादेव आला होता आपल्या बहिणीबरोबर. ती सुशीलाताई.

तिची गोष्ट सरळ होती. जोह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, घरचा गणपतीचा कारखाना. तिकडे घरोघरी तोच धंदा. तिने आमच्या मंडळीतल्या, रेल्वेत असलेल्या एका मुलाशी लग्न केलं, स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला आणि रोह्याला संसार मांडला. काही वर्षांतच नवरा आजाराने गेला. सासरच्यांना ती नकोशी झाली आणि भावाने तिला जोह्याला परत नेलं. तिथे ती पुन्हा लहानपणीच्या कामाला बसली. तिचं काम आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते सगळ्यात शेवटी होतं आणि ते प्रत्येकाला जमत नाही. साचा कुणीही भरेल, अंगाचा रंग कुणीही मारेल, पण डोळा चुकला तर मूर्ती कुणी घेत नाही. महादेवाच्या कारखान्याचं नाव तिच्या हातावर होतं.

आणि पहिल्या रविवारी ही बाई जोह्याहून पेणला, पेणहून गाडीने कासू, नागोठणं करत रोह्याला यायची. खिडकीजवळच्या बाकावर बसायची, तुकडा घ्यायची, जेवायच्या वेळेपर्यंत परत निघायची. मी एकदा म्हटलं, ताई, एवढी दगदग कशाला, पेणच्या प्रार्थनेला येताच की. ती म्हणाली, "तिकडं मी भावाच्या घरात ऱ्हाते. सासर तुटलं. इथं तेवढं ताट माज्याम्होरं थांबतं, सगळ्यांच्या म्होरं थांबतं तसं." इतक्या साध्या भाषेत प्रभुभोजनाचा अर्थ मला पुस्तकांत सापडला नव्हता.

आमच्या पंचांतले मुख्य शांतवनराव. धाटावला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. तयार मालाचा नमुना तपासून पास की नापास सांगायचं, हे त्यांचं काम. माणूस सरळ, वेळेचा पक्का, दारूच्या थेंबाला न शिवलेला. माझ्या मुलाला टायफॉइड झाला तेव्हा शिफ्ट संपवून ते सात दिवस दवाखान्यात येऊन बसले होते. पण लॅबची सवय त्यांना सुटत नसे. नमुन्यात एक बारीकसा कण निघाला तरी अख्खी बॅच नापास, हे ते मंडळीलाही लावायचे.

एका पावसाळ्यात, गणपती जवळ आलेले असताना, त्यांनी ताट धरलं होतं आणि सुशीलाताईच्या नखांत काळा आणि सोनेरी रंग त्यांना दिसला. रॉकेलने घासूनही तो निघत नाही. त्यांनी कुणाकडे तरी चौकशी केली आणि सोमवारी संध्याकाळी माझ्या दारात. बाहेरच्या लोकांनी काय पुजावं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, ते म्हणाले, त्यांची श्रद्धा त्यांना लखलाभ. पण आपल्यातली बाई मूर्तीचे डोळे काढते आणि त्याच हाताने भाकर उचलते, हे कसं चालेल? एकतर तिने ते काम सोडावं, नाहीतर मेजापासून लांब राहावं.

मी आधी चहा दिला, मग वाद घातला. तुमच्या कंपनीत दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, तेव्हा पेढा घेता की नाही? ते शांतपणे म्हणाले, घेतो, खात नाही, शिपायाला देतो. मी म्हटलं, शिपायाला देण्याने तुम्ही शुद्ध राहता आणि ही पोट भरते म्हणून अशुद्ध? ते म्हणाले, मी यंत्राचे डोळे काढत नाही. वादात ते कधी घसरायचे नाहीत, ही त्यांची अडचण होती. आणि माझी अडचण ही, की त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्या शास्त्रात मूर्तीबद्दल काय लिहिलंय ते मलाही ठाऊक होतं. पण पतीमागे उपाशी न राहता, कुणापुढे हात न पसरता जगणाऱ्या बाईला तेच कलम लावायला माझी जीभ उचलत नव्हती.

पंचांची बैठक झाली. निर्णय झाला नाही, आवाज मात्र झाले. मी सांगितलं की पाळक म्हणून मी कुणालाही मेजापासून दूर करणार नाही, ज्याचं त्याने मन तपासावं, दर शनिवारी मी तेच सांगतो. सगळे उठून गेले. सुशीलाताईपर्यंत यातलं काही जाऊ नये असं मी बजावलं होतं. लहान मंडळीत अशा बजावण्याला काय किंमत असते, ते लहान मंडळीत राहिलेल्यांनाच कळेल.

पुढच्या पहिल्या रविवारी ती आली. नेहमीच्या जागी बसली. मी भाकर मोडली, आशीर्वाद मागितला, ताटं पंचांच्या हाती दिली. तिच्या बाजूचं ताट शांतवनरावांकडे होतं. मेजापाशी उभं राहिलं की सगळे बाक दिसतात. ते एकेकापुढे थांबत आले, नर्सबाईंपुढे थांबले, आणि सुशीलाताईपुढून न थांबता पुढे गेले. तिने हात वर केला होता. तो तसाच राहिला.

मी मेजावरचं दुसरं ताट उचललं आणि खाली उतरलो. पाळकाने मधेच मेज सोडायचं नसतं, पण त्या क्षणी मला तेवढंच सुचलं. तिच्यापुढे जाऊन ताट धरलं. सगळं चर्च मान वळवून पाहत होतं. तिने एक तुकडा घेतला. क्षणभर तो तळहातावर ठेवला आणि मग पुन्हा ताटात ठेवून दिला.

"नको पास्टर," ती हळू म्हणाली. "माज्यापायी मंडळी फुटाया नको."

ती उपासना संपेपर्यंत बसून राहिली. गाणं म्हटलं, आशीर्वादाला मान वाकवली आणि निघून गेली. त्यानंतर ती कधी रोह्याला आली नाही. पेणच्या शुक्रवारच्या प्रार्थनेलाही हळूहळू यायची थांबली. मी जोह्याला जायचो, तिच्या घरी प्रार्थना करायचो, ती चहा करायची. मेजाचा विषय काढला की भाताचं बोलायची. मी तिथे उतरून ताट धरलं ते बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. पण माझं बरोबर असणं तिच्या काय कामाचं? ज्या एका जागेसाठी ती एवढ्या लांबून यायची, ती जागा गेली ती गेलीच. हे मला फार लागून राहिलं आहे, आणि सांगितल्याने कमी होत नाही.

आणि मंडळी फुटायची ती फुटलीच. शांतवनराव आणि त्यांच्या बाजूची घरं वेगळी झाली. त्यांनी बाजारात हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल घेतला आणि 'पवित्र मंडळी' असा बोर्ड लावला. खाली खिळे-पत्रे आणि वर पवित्र मंडळी. मी त्या रस्त्याने जायचं टाळायचो. माझ्याकडे निम्मे बाक रिकामे पडले. त्याच दिवसांत पेणला एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आजोबांशी ओळख झाली. त्यांच्या लोकांची घरं एकामागून एक परदेशी गेली, हे मागे राहिलेले. मी त्यांना आमचं भांडण सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "आमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहावा कसा आहे, हे विचारायची आमची ऐपत उरली नाही, पास्टर. तुमची अजून आहे म्हणायची."

वरच्या हॉलमधल्या बातम्या खाली यायच्याच. आधी एकाला काढलं, त्याचा मुलगा गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो वाजवायचा. मग एका घराला, त्यांनी शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा खाल्ला होता. दर वेळी उरलेले जास्त शुद्ध व्हायचे आणि कमी व्हायचे. मला यात सुरुवातीला मजा वाटली, हे लपवत नाही. मग मजा गेली, कारण काढलेली माणसं माझ्याकडेही येत नव्हती. ती घरीच बसायची.

शेवटी, बऱ्याच वर्षांनी, पाळी शांतवनरावांची आली. त्यांच्या मुलीने धाटावच्याच एका हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. तिला तोंड दाखवणार नाही असं ते म्हणाले होते, पण रिसेप्शनला गेले. मुलीचा बाप होता तो. पुढच्या रविवारी त्यांनीच आणलेल्या नव्या उपदेशकाने हॉलमध्ये त्यांचं नाव घेऊन त्यांना मेजापासून दूर केलं. नियम त्यांनीच केलेला होता, त्यामुळे त्यांना बोलायला जागा नव्हती.

काही महिन्यांनी ते आमच्या चर्चमध्ये आले. चपला काढतात त्या दाराजवळच्या बाकावर बसले. खूप वाळले होते. प्रभुभोजनाचं ताट त्यांच्यापुढे थांबलं, तेव्हा त्यांनी हाताने पुढे जायची खूण केली. उपासनेनंतर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते म्हणाले, "आधी जोह्याला जायचंय. तुम्ही चला बरोबर. एकट्याने जायची हिंमत नाही."

गेलो. दिवस सीझनचे. जोह्यात अंगणांतून, मांडवांतून, प्लॅस्टिकच्या छपरांखाली गणपतीच गणपती, आणि महादेवाच्या कारखान्यात एका बाजूला डोळे न काढलेली रांग. सुशीलाताई पाटावर बसली होती. केस पिकलेले, चष्म्याला दोरा. आमच्याकडे न पाहताच म्हणाली, "थांबा जरा. येक डोळा काढून दुसरा ठेवता येत नाय." शांतवनराव, ज्यांना आयुष्यात कुणासाठी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं, चपला बाहेर काढून चिखलात उभे राहिले. तिने दुसरा डोळा पुरा केला, ब्रश पाण्यात टाकला आणि मग मान वर केली.

ते म्हणाले, "ताई, त्या रविवारी मी तुमच्या पुढून ताट नेलं. ते माझं चुकलं. मला माफ करा."

"तुमचे हात कापत व्हते तवा," ती म्हणाली. "मी बगितलं व्हतं. बसा. चा घ्याल ना?" आणि आत हाक मारली, "वयनी, चा टाक गो. पास्टर आल्यात."

तिच्या भावजयीने चहा आणला आणि स्टीलच्या ताटात पाव. ताट मधे ठेवलं. मग शांतवनरावांनी ते ताट दोन्ही हातांनी उचललं आणि आधी सुशीलाताईपुढे धरलं. मी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता घेईल. मी मनातल्या मनात तेवढंच मागत होतो.

तिने आपली बोटं पाहिली. "तुम्ही खावा," ती म्हणाली. "माजे हात रंगाचे हायत."

"रंगच आहे ताई," शांतवनराव म्हणाले.

"तुमाला आता तसं वाटतं. मी लय दिस इचार केला." आवाजात राग नव्हता. "ह्या गणपतींच्याम्होरं बसून मी डोळे काढते, तर मन लावून काढते. लबाडी करून डोळा येत नाय. मेजापाशी पन लबाडी नाय चालत. पास्टरच सांगायचे, मन साफ नसंल तर ताट फुडं जाऊ द्या. येक जागा सोडाया पायजे व्हती. ही सोडली तर पोटाचं साधन जातंय, म्हून मेजाची सोडली. मंडळी साफ ऱ्हाया पायजे."

माझ्याकडे उत्तर होतं. मेज हे साफ झालेल्यांसाठी नसून साफ व्हायचं आहे त्यांच्यासाठी आहे, हे मी किती ठिकाणी किती सुंदर बोललोय. तिथेही बोललो. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि तिचा हात पुढच्या मूर्तीसाठी ब्रशकडे गेला होता. दर शनिवारी चढ्या आवाजात मी जे सांगत आलो, ते इतक्या माणसांतून एकीनेच शब्दाला शब्द मनावर घेतलं होतं. माझ्या नोकरीतला सगळ्यात खरा शिष्य म्हणायचा तर तीच, आणि तिच्याच हातात मी भाकर ठेवू शकलो नाही. शांतवनरावांनी ताट खाली ठेवलं. पाव त्यांनीही खाल्ला नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी मी त्यांना म्हटलं, तुम्ही आता तुकडा घ्या, आणि ताटही पुन्हा तुम्हीच धरा. दोन्ही त्यांनी मुकाट्याने मान्य केलं. ते एकेकापुढे थांबत आले, नर्सबाईंपुढे थांबले, आणि खिडकीजवळच्या रिकाम्या बाकापुढेही थांबले. माणसाला तुकडा उचलायला लागतो तेवढा वेळ. मग पुढे गेले. त्यानंतर दर महिन्याला तसंच. नव्या लोकांना वाटायचं, त्यांचे गुडघे दुखतात.

मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागेवर एक तरुण पाळक आले. हुशार आहेत, शहरात शिकलेले. पहिल्या प्रभुभोजनानंतर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, शांतवनकाका रिकाम्या बाकापुढे ताट धरून उभे राहतात, हा तुमच्याकडचा विधी आहे का?

मी म्हटलं, हो.